कोहा म्हणजे आहेर

गेल्या रविवारी सकाळी सकाळी आण्णांचा फोन. आण्णा म्हणजे माझे सख्खे काका, आणि आमच्या गावच्या वाचनालयाचे गेल्या बावीस वर्षांचे कार्यवाह. "कशी आहेस, पोरं कशी आहेत" वगैरे काही नाही, थेट मुद्द्यालाच हात.

"अगं, परवाच्या मीटिंगमध्ये तुझं पत्र वाचलं. ते कोहा का काय ते, फुकट आहे म्हणाली होतीस ना? मग आता वर्षाला पंधरा हजार कसले?"

मी म्हटलं, "आण्णा, सॉफ्टवेअर फुकटच आहे. पैसे ते चालू ठेवायचे आहेत."

"म्हणजे फुकट नाही."

"..."

"आणि पैसेच मोजायचे तर कंपनीचंच घेऊ की. पावती मिळते, कोटेशन मिळतं, ऑडिटला दाखवता येतं. तुझ्या फुकटवाल्याची पावती कोण देणार?"

मी "विचार करून सांगते" म्हणून फोन ठेवला. गेली पंधरा-सोळा वर्षं मी मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाने भेटेल त्याचं डोकं खातेय. घरातल्या सगळ्यांच्या संगणकांवर लिनक्स चढवून झालंय, धाकट्या जावेला लिबर ऑफिस शिकवून झालंय (ती अजून माझ्यावर रागावलेली आहे). आणि आण्णांच्या दोन वाक्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला म्हणून हे लिहायला बसले.

आधी थोडं मागचं सांगते. आमचं वाचनालय 'क' वर्गाचं. नऊ हजारांच्या आसपास पुस्तकं, एक ग्रंथपाल बाई, एक शिपाई, आणि संध्याकाळी पेपर वाचायला येणारी पाच-सात ठरलेली मंडळी. पूर्वी सगळी देवघेव रजिस्टरवर चालायची. काही वर्षांपूर्वी दिवाळीला गेले असताना मला सुरसुरी आली. कुणीतरी देणगी दिलेला एक जुना संगणक कोपऱ्यात धूळ खात पडला होता. त्यावर डेबियन टाकलं, त्यावर कोहा. कोहा म्हणजे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर. पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, दंड, सगळं त्यात होतं. गावातल्या कॉलेजच्या चार मुलींनी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या खर्चून सगळी पुस्तकं मराठीत चढवली. बारकोडची चिकटपट्टी लावलेलं पहिलं पुस्तक बाहेर गेलं तेव्हा ग्रंथपाल बाईंनी पेढे वाटले होते. मी आणि फुकट सॉफ्टवेअर, दोघींचंही तेव्हा गावात फार कौतुक झालं.

पुढे माझी नोकरी बदलली, मुलं मोठी झाली, गावाला जाणं वर्षातून दोनदाचं एकदावर आलं. कधीतरी रात्री जेवणं झाल्यावर लांबून जोडणी करून मी काय असेल ते दुरुस्त करायचे. मग तेही राहू लागलं. बॅकअप रोज एका पेनड्राइव्हवर जायचा. तो भरला. भरल्यावर संगणक मला रोज इमानेइतबारे एक निरोप पाठवत होता, आणि तसले निरोप मी एका फोल्डरमध्ये ढकलून ठेवले होते, "सवडीने बघू" म्हणून. मागच्या पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली. हाती आलेला शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा होता.

पुस्तकांची यादी वाचली. चार महिन्यांची देवघेव गेली. कुणाकडे कुठलं पुस्तक आहे, काही पत्ता नाही. ग्रंथपाल बाई आणि आण्णा एकेका सभासदाला फोन करत बसले. बरीच पुस्तकं परत आली, सगळी नाही. त्यानंतर बाईंनी न बोलता कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि नवीन पान उघडलं. मला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की मुक्त सॉफ्टवेअरला पैशाचं पाठबळ लागतं की नाही या वादात मी आजवर फक्त वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलत आले. त्या एका संगणकापुरती का होईना, मी दुसऱ्या बाजूलाही उभी होते. बिनपगारी, एकटी, आणि हळूहळू कंटाळलेली. आणि जगभर नेमकं हेच घडतंय, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. बँकेच्या संकेतस्थळावर जे कुलूप दिसतं, त्यामागचं काम जगातल्या फार मोठ्या संख्येच्या सर्व्हरांवर हे सॉफ्टवेअर करतं. त्यात ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री एक चूक शिरली, आणि ती जगाला कळली एप्रिल २०१४ मध्ये. हार्टब्लीड म्हणतात ती हीच. नेटक्राफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे पाच लाख सर्व्हर त्या चुकीने उघडे पडले होते. मग लोकांनी चौकशी केली की हे सांभाळतं कोण. तर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक, आणि वर्षाकाठी येणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास! अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या त्या कुलपावर विसंबून होत्या, आणि कुलूपवाल्याच्या चहापाण्याचीसुद्धा कुणी चौकशी केली नव्हती. बोंब झाल्यावर त्याच कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा केला. तोवर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याहून वाईट प्रकार उघडकीला आला. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं एक साधं सॉफ्टवेअर आहे. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, लासे कोलिन. हे आपलं बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्याने २०२२ साली लिहिलंही होतं. लोक मात्र त्याच्या मागे लागलेले, सुधारणा लवकर का येत नाहीत म्हणून. अशा वेळी 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं गोड बोलून, खरोखरची कामं करून विश्वास मिळवला, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. पकडला गेला तो निव्वळ योगायोगाने. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला आणि तो खोदत गेला. अर्धा सेकंद!

ही बातमी वाचली तेव्हा मला त्या चोरापेक्षा लासेचंच जास्त वाटलं. दमलेल्या माणसाला कुणी "दे, मी करतो" म्हणालं तर तो कागदपत्रं तपासत बसत नाही. मला वाचनालयाच्या त्या संगणकासाठी असं कुणी म्हटलं असतं, तर मी पासवर्ड तिथल्या तिथे देऊन मोकळी झाले असते.

आता माझ्यातली जुनी भक्तीण लगेच म्हणते की हे एकांगी झालं. कंपनीचा टेकू नसताना उत्तम चाललेली उदाहरणं काय कमी आहेत? डेबियन १९९३ पासून चालू आहे, त्याची मालक कुठलीच कंपनी नाही, जगभरचे हजारभर लोक ते मिळून घडवतात, निवडणूक घेऊन आपला प्रमुख ठरवतात. व्हीएलसी, ज्याच्यावर आपण सगळे सिनेमे बघतो, ते पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं. आज एक ना-नफा संस्था ते चालवते. जाहिराती घालायच्या बदल्यात मोठमोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, आणि तिथल्या मंडळींनी त्या नाकारल्या. हे वाचलं की ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू.

पण जरा खरवडून बघितलं की खाली पैसा दिसतोच. डेबियनवर काम करणाऱ्या पुष्कळांना कुठूनतरी पगार मिळतो, कुणाला विद्यापीठाचा, कुणाला कंपनीचा, आणि काहींना तर त्यांची कंपनी ते काम कचेरीच्या वेळात करू देते. व्हीएलसी जन्मलं तेव्हा मुलांची फी आणि जेवणखाण घरून येत होतं. लिनक्सच्या गाभ्यात आज होणारे बहुतेक बदल पगारी लोकांचे असतात. आपल्याकडचंच बघा. सुरुवातीच्या काळात लिनक्सवर मराठी नीट दिसायची ती 'लोहित' फॉन्टमुळे, आणि तो आला रेड हॅट कंपनीकडून. मराठीत लिनक्स आणायला हौशी लोकांनी खूप घाम गाळला, पण रेड हॅटच्या पुण्यातल्या पगारी मंडळींचा वाटाही त्यात मोठा होता.

तेव्हा 'पैशाशिवाय चालतं' असं आपण म्हणतो तेव्हा अनेकदा ते दुसऱ्याच कुणाच्या तरी पैशावर चाललेलं असतं. आणि ते काही पाप नाही. रिचर्ड स्टॉलमन, ज्याने १९८३ साली या सगळ्याची हाक दिली, तो स्वतः सुरुवातीला ईमॅक्सच्या टेप दीडशे डॉलरला विकायचा. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे तो तेव्हापासून घसा फोडून सांगतोय. 'फ्री' या इंग्रजी शब्दाने त्यांचा घोळ झाला. आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन वेगळे शब्द असूनही आम्ही उत्साहाच्या भरात गावात जाऊन 'फुकट'च सांगितलं. आण्णांची काय चूक? तो शब्द मीच त्यांना दिला होता.

मग आण्णांचा दुसरा मुद्दा. घ्या कंपनीचंच!

तर कंपन्यांचाही इतिहास बघू. ओपन ऑफिस सन कंपनीच्या जिवावर वाढलं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि काही महिन्यांतच काम करणाऱ्यांना आपलं इथे काही खरं नाही हे कळून चुकलं. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी तोच कोड उचलून लिबर ऑफिस सुरू केलं, पुढच्या वर्षी ओरॅकलने ओपन ऑफिस अपाचे फाउंडेशनच्या ओटीत टाकून हात झटकले. रेडिस कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपल्या डेटाबेसचा परवाना अचानक बदलला, तर आठवड्याभरात लोकांनी जुन्या कोडवरून व्हॅल्की उभं केलं. वर्षभराने रेडिसने पुन्हा मुक्त परवान्याचा पर्याय दिला. कंपनी दुष्ट असते असं मला म्हणायचं नाही. कंपनी भागधारकांना बांधील असते, आणि वारा फिरला की तिला फिरावंच लागतं. पण वरच्या दोन्ही वेळा लोक वाचले ते परवान्यामुळे. कोड त्यांच्या हातात होता म्हणून ते उठून दुसरीकडे चूल मांडू शकले. बंद सॉफ्टवेअर असतं तर चूलही गेली असती आणि भांडीही.

हा अनुभव मी घेतलाय. वीसेक वर्षांपूर्वी आजोबांच्या आठवणी मी एका फॉन्टमध्ये टंकून ठेवल्या होत्या. युनिकोड तेव्हा सगळीकडे पोचलं नव्हतं. तो फॉन्ट आणि त्याचं सॉफ्टवेअर करणारे पुढे गायब झाले. सव्वाशे पानांची ती फाईल आज उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसते. त्या सॉफ्टवेअरची पावती मात्र अजून माझ्याकडे आहे, आण्णा.

म्हणजे एकट्या हौशी माणसावर सोडलं तर तो थकतो, आणि एकट्या कंपनीवर सोडलं तर ती फिरते. मग?

इथे मला पुन्हा कोहाकडेच जावंसं वाटतं, कारण त्याची गोष्ट मी गावात कधी सांगितलीच नाही. न्यूझीलंडमध्ये होरोफेनुआ नावाचा एक ग्रामीण जिल्हा आहे. तिथल्या ग्रंथालयाची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. बाजारातल्या प्रणाली त्यांच्या गरजेला आणि खिशाला बसेनात. मग त्यांनी काटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीला पैसे देऊन १९९९ मध्ये आपल्यापुरतं सॉफ्टवेअर करून घेतलं. जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं. आणि मग, आपलं काम तर झालं, आता हे सगळ्यांनाच वापरू दे, म्हणून मुक्त करून टाकलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यात कुणीतरी पैसे मोजलेले आहेत. एका लहान गावातल्या ग्रंथालयानेच!

पुढे ते जगभर गेलं. अमेरिकेत, फ्रान्समध्ये, न्यूझीलंडमध्ये लहान लहान कंपन्या कोहा बसवून देण्याचा, सांभाळण्याचा धंदा करू लागल्या. एखाद्या ग्रंथालयाला नवीन सोय हवी असली तर ते पैसे देऊन करून घेतं, आणि ती सोय सगळ्यांच्याच कोहात येते. मध्ये एका अमेरिकन कंपनीने न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावाचाच ट्रेडमार्क मागितला. २०११ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला, जगभरातल्या लोकांनी कोर्टकचेरीसाठी पैसे पाठवले, आणि २०१३ च्या अखेरीस निकाल होरोफेनुआच्या ट्रस्टच्या बाजूने लागला. कंपन्या अनेक होत्या म्हणून एकीच्या फिरण्याने काही बुडालं नाही.

ब्लेंडरचंही तसंच. त्याची मूळ कंपनी २००२ मध्ये बुडाली. टॉन रोझेनडाल या माणसाने गुंतवणूकदारांकडून कोड सोडवून घ्यायला एक लाख युरोंची वर्गणी जाहीर केली, आणि ती सात आठवड्यांत जमली. आज त्याला लहान वापरणारेही महिन्याला थोडे थोडे देतात आणि मोठ्या कंपन्याही देतात. २०२५ मध्ये 'फ्लो' या लॅटव्हियन सिनेमाला ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्येच केलेला आहे.

तर माझं मत आता असं झालंय. मुक्त सॉफ्टवेअर पैशाशिवाय जन्मतं, कधीकधी रांगतंसुद्धा, पण फार काळ पैशाशिवाय धडपणे जगत नाही. मात्र हा पैसा एकाच खिशातून येता कामा नये. शंभर ठिकाणहून थोडा थोडा यावा. कंपन्यांनी द्यावा, ग्रंथालयांनी द्यावा, सरकारनेही द्यावा (जर्मनीने २०२२ मध्ये त्यासाठी वेगळा निधीच काढला). आणि ज्याने दिला त्याला मालकी मिळू नये, फक्त काम मिळावं. व्यापाराला माझा विरोध नाही. मालकाला आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखं झालं. देणारे देतात, बाकीचे आरतीला येऊन प्रसाद खाऊन जातात. खरं आहे. फुकटे राहणारच, आणि राहू देत. ज्याला परवडत नाही त्यालाही वापरता यावं हाच तर मुक्तचा अर्थ आहे. पण परवडत असून आजवर मी स्वतः काय दिलं? परवा हिशोब मांडला. पंधरा-सोळा वर्षांत ज्या सॉफ्टवेअरवर मी पोट भरते, त्यांना मिळून मी एका कुटुंबाच्या एका हॉटेलच्या जेवणाइतकेही पैसे दिलेले नाहीत. भाषणं मात्र भरपूर दिली.

'कोहा' हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट. पण नुसती भेट नव्हे. पाहुणा यजमानाकडे जाताना जी घेऊन जातो, जिच्यात देण्याघेण्याचं नातं गृहीत असतं, ती भेट. मला हे कळलं तेव्हा आईची आहेराची वही आठवली. कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं ते सगळं तिच्यात लिहिलेलं. आहेराचं बिल कुणी पाठवत नाही, न दिल्याबद्दल कुणी दंडही करत नाही. पण त्यांच्या घरचं कार्य निघालं की आई वही काढायची, आणि होतं त्यापेक्षा थोडं जास्तच पाकिटात घालायची.

सोमवारी रात्री आण्णांना फोन केला. म्हटलं, "आण्णा, चूक माझीच. फुकट म्हणायला नको होतं. आहेर म्हणायला हवं होतं."

"म्हणजे?"

मग आईच्या वहीपासून होरोफेनुआपर्यंत सगळं सांगितलं. पंधरा हजार मला नकोत, तालुक्याला दोन मुलं हेच काम करतात, आजूबाजूची पाच-सहा ग्रंथालयं मिळून त्यांना बांधून घेऊ, म्हणजे आपल्या वाट्याला कमीच येतील, आणि पावती रीतसर मिळेल, हेही सांगितलं. ती मुलं उद्या गेली तरी सॉफ्टवेअर आणि यादी आपलीच राहील, दुसरा कुणी येऊन पुढे चालवेल. आणि पहिल्या वर्षाचे पैसे माझ्याकडून. ते देणगी म्हणून नको, चार महिन्यांच्या देवघेवीची भरपाई म्हणून घ्या.

आण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भरपाई वगैरे आपल्या हिशोबात बसत नाही. 'किरकोळ जमा' म्हणून दाखवतो. बाकीच्या ग्रंथालयांना मी विचारतो, पण बाईंना आधी तू फोन कर. रजिस्टर त्यांनी काढलंय, ते बंद करायचं की नाही ते त्या ठरवतील."

बरोबर आहे. सगळ्यात आधी तोच फोन करायला हवा होता. तो अजून केलेला नाही. हे लिहून झालं की करते.